कंसाआधीचं वजा

माझ्या सासऱ्यांना आम्ही घरात सगळेच मामा म्हणतो. ते सोलापुरातल्या एका सूतगिरणीत जॉबर होते. खात्यातली यंत्रं नीट चालतात की नाही ते बघायचं, बिघडली तर कामगारांना हाताशी घेऊन ती सुरू करायची, हे त्यांचं काम. निवृत्तीनंतरही त्यांचे कान त्या खात्यातच राहिले होते. पंख्याचा आवाज जरा बदलला की ते मान वर करून बघायचे.

माझ्याशी त्यांचं बोलणं फार नव्हतं. भांडण नव्हतं, राग नव्हता, पण बोलणं नव्हतं. चहा झाला का, नळाला पाणी आलं का, पोरगी शाळेतून आली का, एवढंच. माझं माहेर पंढरपूरचं. मामांचं गाव दुधनीजवळचं, तिथे घराघरात कानडी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या, त्यामुळे त्या घरात कानडी बोलायला मामांना कोणी उरलं नव्हतं. माझ्या नवऱ्याला जेवणाखाण्यापुरती कळते, मला तेवढीही कळत नव्हती. मामा आमच्याशी त्यांच्या गावाकडच्या वळणाची मराठी बोलायचे, आणि ती त्यांना पुरायची.

त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, त्यामुळे आलं की सगळं घर कामाला लागतं. पाइप धरून पिंपं भरायचं काम मामांचं. त्यात त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. मी आत हंडे घासत होते. बाहेर पाणी फरशीवर वाहत असल्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर पाइप खाली पडलेला, पाणी उंबऱ्यापर्यंत आलेलं, आणि मामा भिंतीला टेकून त्या पाण्याकडे नुसते बघत होते. पेलाभर पाणी सांडलं तरी जे बोलून दाखवायचे, ते हलले नाहीत. मी हाक मारली तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. तोंडाची एक बाजू खाली ओढल्यासारखी झाली होती.

नवरा चिंचोळी एमआयडीसीत पहिल्या पाळीला गेला होता. शेजारच्यांनी रिक्षा बोलावली आणि स्वतःही बरोबर आले. आम्ही दोघांनी मामांना मध्ये बसवलं आणि दवाखान्यात नेलं. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. डॉक्टर म्हणाले की वेळेत आणलंत. त्यानंतरचे काही दिवस डब्यांचे, औषधांचे आणि दवाखान्याच्या जिन्याचे. मग मामा घरी आले. चालता येत होतं, थोडा आधार लागायचा. उजवा हात मात्र मांडीवर ठेवलेला असायचा, दुसऱ्या कोणाचा असावा तसा.

बोलण्याचं जास्त अवघड होतं. त्यांना सगळं समजत होतं. मी दूध गरम झालं म्हणाले की ते स्वयंपाकघराकडे बघायचे. पण मराठी शब्द तोंडाशी येऊन अडायचे आणि त्यांच्याऐवजी कानडी यायचे. पाण्याला नीर, पुरे झालं तर साकु, नको असेल तर ब्याड. एवढे मी लवकर शिकले. पण त्यापुढचं एखादं वाक्य ते बोलायचे, मी गोंधळून बघायचे, ते पुन्हा बोलायचे, आणि मग हात झटकून भिंतीकडे तोंड करायचे. नवरा संध्याकाळी आला की मी त्याला ऐकलेले आवाज तसेच्या तसे म्हणून दाखवायचे. निम्मे त्यालाही लागायचे नाहीत.

दवाखान्यात बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. तरुण होत्या, प्रेमळ होत्या. त्यांनी चित्रांचे पुठ्ठे दिले. आंबा, गाय, छत्री, चेंडू. रोज दुपारी समोर ठेवा, नाव म्हणून घ्या, असं सांगितलं. मी पहिल्या दिवशी आंब्याचं चित्र धरलं. मामांनी ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि डाव्या हाताने पुठ्ठा माझ्या हातातून काढून घेऊन कॉटवर पालथा ठेवला. मग गाय. तीही पालथी. सगळे पुठ्ठे असे पालथे झाल्यावर त्यांनी डोळे मिटून घेतले. मला वाईट वाटलं ते त्यांच्या चेहऱ्यामुळे. आयुष्यभर ज्यांच्या खुणेवर खातं चालायचं त्यांना आम्ही छत्री ओळखायला लावत होतो.

माझी मुलगी तेव्हा नववीत होती. तिचं बीजगणिताचं पुस्तक एका दुपारी मामांच्या कॉटवर राहिलं. मी भाजी निवडत समोर बसले होते. मामांनी पुस्तक डाव्या हाताने जवळ ओढलं आणि एकेक पान उलटायला लागले. कंटाळा जात असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. बऱ्याच वेळाने त्यांनी कॉटवर थाप मारली. मी वर पाहिलं तर त्यांचं बोट एका उदाहरणावर होतं. बहुपदींची वजाबाकी. दोन कंस आणि मध्ये वजाचं चिन्ह. ते बोट त्यांनी त्या वजावर दाबून धरलं होतं आणि माझ्याकडे बघत होते.

मी गणितात बी.एस्सी. केलेलं आहे. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा कोणाला काही उपयोग नव्हता. मुलीला लागलं तर शिकवायचे, पण ती क्लासला जायची, त्यामुळे तेही क्वचित. मी भाजीची परात बाजूला सारली आणि विचारलं, "मामा, हे शिकायचंय का?"

"व्हय," ते म्हणाले. दवाखान्यातून आल्यापासून मी ऐकलेला हा त्यांचा पहिला सरळ मराठी शब्द.

मुलीची लहानपणीची पाटी माळ्यावर होती, ती काढली. पाटी त्यांच्या मांडीवर, खडू डाव्या हातात. दुपारची जेवणं झाली, भांडी झाली की आम्ही बसायचो. पाण्याच्या दिवशी सुट्टी. आधी मी सोप्यापासून सुरुवात केली. एक्स म्हणजे काय, एक्स वर्ग म्हणजे काय, कोणती पदं सजातीय. पण त्यांना ते येत होतं. मला नवल वाटलं. बेरीज त्यांनी सहज केली. एक्स वर्गाखाली एक्स वर्ग, एक्सखाली एक्स, नुसत्या संख्येखाली संख्या. डाव्या हाताचे आकडे वाकडे यायचे, पण रांग सरळ. मधूनमधून पुटपुटायचे, ओंदु, एरडु, मूरु. आकडे कानडीत असले तरी पाटीवर ते मलाही वाचता येत होते. दोघांना एकच गोष्ट एकाच वेळी समजते आहे असं त्या घरात बऱ्याच दिवसांनी होत होतं.

वजाबाकी आली आणि गाडी अडली.

मी पाटीवर लिहिलं होतं, पाच एक्स वर्ग अधिक तीन एक्स अधिक सात. त्यातून वजा करायचं होतं दोन एक्स वर्ग अधिक एक्स अधिक चार. मामांनी पाचातून दोन घालवले, तीन एक्स वर्ग लिहिलं. बरोबर. पुढे तीन आणि एक मिळून चार एक्स. सात आणि चार अकरा. म्हणजे कंसाआधीचं वजा त्यांनी फक्त पहिल्या पदाला लावलं आणि पुढची दोन पदं जशीच्या तशी मिळवून टाकली. नववीतली मुलंही नेमकं हेच करतात. मी समजावलं की वजा सगळ्या कंसाला आहे, आतल्या प्रत्येक पदाचं चिन्ह बदलायचं. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कळे."

त्यांना कळलं, असं मी समजले. शब्दाचं शेपूट तुटलं असेल, दुखण्यामुळे अर्धाच येत असेल, असं वाटलं. मी खूश होऊन पुढचं उदाहरण लिहिलं. त्यांनी पुन्हा तीच चूक केली. पुन्हा समजावलं. "कळे, कळे," ते म्हणाले, या वेळी जरा चिडून. कळलंय तर मग चुकताय कसे, असं मनात येऊन मी आणखी एक उदाहरण घातलं. असं तीनचार दुपारी चाललं. मी पुढे जायचे, ते मागे थांबायचे, आणि दोघांनाही दुसऱ्याचा राग यायचा. एकदा त्यांनी "कळे" म्हणत खडू पाटीवर इतका आपटला की त्याचा तुकडा उडून कॉटखाली गेला. मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसत बसले. हे आपल्याने व्हायचं नाही, असं मला त्या दिवशी वाटून गेलं.

त्या आठवड्यात आत्या आल्या. मामांच्या धाकट्या बहीण, दुधनीलाच दिल्या आहेत. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आल्या. बहीणभाऊ कानडीत बोलायला लागले. म्हणजे आत्या बोलत होत्या आणि मामा मधूनमधून एकेक शब्द घालत होते, पण त्यांचा चेहरा इतका मोकळा मी बऱ्याच दिवसांनी बघत होते. चहा देताना मी आत्यांना गणिताचं सांगितलं. म्हटलं, मामा कळलं म्हणतात पण कळलेलं नसतं, आणि विचारलं की चिडतात.

आत्यांनी विचारलं, "कळलं म्हंतोय? कसं म्हंतोय?"

मी म्हणून दाखवलं. आत्या आधी भावाकडे बघून हसल्या, मग मला जवळ बसवून म्हणाल्या, "अगं, कळे म्हंजे आमच्यात वजा कर. शाळंत मास्तर म्हणायचे की, एळरल्लि नाल्कु कळे. सातातनं चार वजा कर. अण्णा तुला इचारतोय, वजा कुटं कुटं करायचं."

मामा माझ्याकडे बघत होते. मीही त्यांच्याकडे बघितलं आणि मला हसू आलं. त्यांचं तोंड अजून एका बाजूने वाकडं होतं, तरी तेही हसले. इतके दिवस ते एकच प्रश्न विचारत होते आणि मी दर वेळी त्यांना समजलं म्हणून पाठ थोपटत पुढे जात होते.

आत्या राहिल्या त्या दोनतीन दिवसांत मला आणखी एक गोष्ट समजली. मामा गावात कानडी शाळेत आठवीत होते. बीजगणित नुकतं सुरू झालं होतं आणि त्यांना ते आवडायचं. मास्तरांनी एका दिवशी फळ्यावर दोन कंस लिहिले, मध्ये वजा घातलं आणि याचं उत्तर उद्या बघू म्हणून सांगितलं. त्याच संध्याकाळी सोलापूरहून थोरला भाऊ आला. गिरणीत पोरं घेत होते. दुसऱ्या दिवशी मामा शाळेत गेलेच नाहीत, भावाबरोबर इकडे आले. आत्यांना हे माहीत होतं, कारण मामा सणाला गावी गेले की तेव्हा शाळेत जाणाऱ्या या बहिणीला विचारायचे, मास्तरांनी ते कंसाचं काय सांगितलं. तिला काय ठाऊक असणार, ती तिसरीत होती. पुढे विचारायचं त्यांनी सोडून दिलं.

हे माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. त्याला सांगितलं तेव्हा त्याने कॉटवरची पाटी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाला, "मला कधी बोलले नाहीत."

आत्या गेल्यावर आम्ही पुन्हा पाटी घेतली. या वेळी मी नियम सांगितला नाही. नुसता नियम ते मानत नव्हते. चिन्ह बदला म्हटलं की का, असं त्यांचे डोळे विचारायचे. मी त्यांचंच चुकलेलं उत्तर पाटीवर लिहिलं, तीन एक्स वर्ग अधिक चार एक्स अधिक अकरा. आणि म्हटलं, "मामा, ताळा करून बघा. हे उरलं, आणि हे काढून घेतलं होतं. दोन्ही परत एकत्र केलं तर पहिलं यायला पाहिजे."

ताळा हा शब्द त्यांना लगेच पोचला. त्यांनी बेरीज केली. एक्स वर्ग पाच आले, ते जमलं. एक्सही पाच आले. पुढे पंधरा. त्यांनी वरच्या ओळीशी ताडून बघितलं. तिथे एक्स तीन होते आणि संख्या सात. खडू थांबला. ते बराच वेळ पाटीकडे बघत राहिले. गिरणीत बिघडलेल्या यंत्रासमोर ते असेच उभे राहत असतील, कुठे काय अडलंय ते शोधत. मी खडू घेतला नाही. बाहेर भंगारवाल्याची हाक गेली, कूलरमधलं पाणी संपत आल्याचा आवाज यायला लागला, तरी मी उठले नाही.

मग त्यांनी चार एक्समधला चार बोटाने पुसला. तीनातून एक घालवला, तिथे दोन लिहिलं. अकरा पुसले, सातातून चार घालवले, तीन लिहिले. पुन्हा ताळा केला. पाच एक्स वर्ग, तीन एक्स, सात. वरच्या ओळीवर बोट फिरवलं, खालच्या ओळीवर फिरवलं. मग कंसाआधीच्या वजावर बोट ठेवून ते आतल्या एकेका पदावर नेलं, पहिल्यावर, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर.

"समद्यास्नी," ते म्हणाले.

"हो मामा, सगळ्यांना."

त्या दिवशी त्यांनी चहा मागून घेतला. मराठीत.

मग मी आत वजा असलेली उदाहरणं घातली. चार एक्स वर्ग वजा तीन एक्स अधिक सहा, त्यातून एक्स वर्ग वजा पाच एक्स अधिक दोन. वजा पाच एक्स वजा करायचे म्हणजे मिळवायचे, हे त्यांना पहिल्यांदा पटलं नाही. पण आता ते माझ्याकडे बघत नव्हते. स्वतःच ताळा करायचे, जमला नाही की पुसायचे, जमला की पाटी माझ्याकडे वळवायचे. बरोबरचं चिन्ह मात्र मीच करायचं.

पुढच्या खेपेला दवाखान्यातल्या बाईंनी पुन्हा पुठ्ठे काढले तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि पिशवीतून पाटी काढली. मामांनी मोठ्याने वाचून दाखवलं. अर्धं कानडी, अर्धं मराठी, मूरु एक्स वर्ग अधिक एरडु एक्स अधिक चार. अडखळत, पण एकही पद न गाळता. बाई ऐकत राहिल्या. त्या म्हणाल्या की ज्यात यांचं मन आहे तेच करा, पुठ्ठे राहू द्या. पाटीवरची वजाबाकी बरोबर आहे का, असं त्यांनी मला हळूच विचारलंही. शाळा सुटल्यापासून हे बघितलं नव्हतं म्हणाल्या.

वजाबाकी संपली तशी मी गुणाकाराची तयारी केली. खरं सांगायचं तर मला आता दुपारची ओढ लागली होती. आदल्या दिवशीच मनात उदाहरणं तयार करायचे, सोपं आधी, मग थोडं वाकडं, मग एखादं चकवणारं. पोळ्या लाटतानाही तेच. गुणाकाराचं पहिलं उदाहरण पाटीवर लिहिलं तेव्हा मामांनी ते वाचलं आणि पाटी माझ्या मांडीवर ठेवली.

"साकु," ते म्हणाले.

मला वाटलं दमले असतील. उद्या करू म्हटलं. त्यांनी मान हलवली. एकेक शब्द जोडत, मध्ये थांबत, ते म्हणाले, "माजं एवडंच ऱ्हायलं हुतं. झालं."

मला वाईट वाटलं, ते लपवायला मी पाटी पुसायला घेतली. पण त्यांना दिसलं असावं. संध्याकाळी नवरा कामावरून आला, हातपाय धुऊन त्यांच्याजवळ बसला, तेव्हा त्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी कणीक मळत होते. इतकं लांब वाक्य ते दुखण्यानंतर प्रथमच बोलले, आणि त्याला वेळही तेवढाच लागला.

"ही लई चांगली शिकिवती. हितं माज्यापाशी बसून काय हुयाचं. हिला पोरं शिकवू दे."

नवरा म्हणाला, "मी कधी नको म्हटलंय?"

ते खरं होतं. त्याने कधी नको म्हटलं नव्हतं आणि मी कधी विचारलं नव्हतं. लग्न झालं, मुलगी झाली, तिची शाळा, घरचं पाणी, आल्यागेल्याचं, असं करता करता तो विषय कोणी काढलाच नाही. त्या संध्याकाळी तो विषय निघाला. मी कणकेचे हात तसेच ठेवून दारात उभी राहिले आणि म्हटलं की बी.एड. करायचं असेल तर प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नवऱ्याने विचारलं, कधी असते. मला माहीत होतं. कधी असते, अर्ज कुठे भरायचा, सगळं माहीत होतं.

पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही. दुसऱ्या वर्षी मिळाला. ती दोन वर्षं सोपी नव्हती. सकाळचा स्वयंपाक उरकून कॉलेजला पळायचं, घरी आलं की पाठांची टाचणं काढायची. पाण्याच्या दिवशी मुलगी आणि नवरा पिंपं भरायचे. मामा खुर्ची टाकून बसायचे आणि डाव्या हाताने खुणा करून पाइप कुठे धरायचा ते सांगायचे. त्यांचा उजवा हात पुरता परत आला नाही. बोलणं आलं, पण आता दोन भाषांचं मिळून आलं आहे. एकाच वाक्यात अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. मलाही त्यातलं बरंचसं समजतं. नाही समजलं तर विचारते आणि ते न चिडता पुन्हा सांगतात.

आता मी मुलींच्या एका शाळेत नववी आणि दहावीला गणित शिकवते. वर्गात घरी तेलुगू बोलणाऱ्या मुली आहेत, दखनी बोलणाऱ्या आहेत, अक्कलकोटकडून आलेल्या कानडी बोलणाऱ्याही आहेत. एखादी मुलगी समजलं म्हणाली की मी लगेच पुढे जात नाही. तिलाच फळ्याशी बोलावते आणि खडू तिच्या हातात देते. परवा एकीने वजाबाकी केली, ताळा केला, जमला नाही, आणि ती माझ्याकडे बघायला लागली. मी खिडकीपाशी उभी राहिले. बाकीच्या मुलींना जरा गप्प बसा म्हटलं. ती पुन्हा फळ्याकडे वळली आणि हाताच्या तळव्याने मधलं पद पुसायला लागली.